गावच्या कामाचा हिशेब मागताना : मराठवाड्यातील मतदारासाठी मार्गदर्शन

मराठवाड्यातील मतदार सत्ताधाऱ्याला घरी बसवायला कचरतो, असे कोणी म्हणू शकणार नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात लोकसभेच्या आठपैकी सात जागा महाविकास आघाडीला देणाऱ्या याच मतदाराने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या ४६ पैकी बहुतेक जागा महायुतीच्या पदरात टाकल्या. बीडच्या लोकसभा निकालात तर अवघ्या ६,५५३ मतांचे अंतर होते. एवढी उलथापालथ होऊनही गावातल्या सिमेंट रस्त्याची जाडी वाढली किंवा बिल काढण्यासाठी द्यावी लागणारी टक्केवारी कमी झाली, असे सांगणारे गाव मात्र शोधावे लागेल. याचे कारण साधे आहे. मताने खुर्चीवरचा माणूस बदलतो. अंदाजपत्रक करणारा, मोजमाप लिहिणारा, देयक पुढे सरकवणारा आणि काम घेणारा कंत्राटदार ही साखळी जागची हलत नाही, आणि नवा माणूस निवडणुकीचा खर्च वसूल करायला त्याच साखळीकडे जातो. ही साखळी कागदावर चालते. म्हणून मतदाराने आधी कागद हाती घ्यावा आणि मग मत द्यावे, या क्रमाने हा लेख लिहिला आहे.

सुरुवात एकाच कामापासून

गावात गैरव्यवहार दहा ठिकाणी दिसत असला, तरी एकाच वेळी दहा तक्रारी करू नयेत. तसे केल्यास प्रत्येक तक्रार कच्ची राहते आणि तक्रारदारावर ‘तक्रारखोर’ असा शिक्का बसतो. डोळ्यांना दिसणारे, फुटपट्टीने मोजता येणारे आणि गेल्या दोन-तीन वर्षांत बिल निघालेले एक काम निवडावे : वस्तीवरचा सिमेंट रस्ता, नाल्यावरचा बंधारा, शाळेची संरक्षक भिंत किंवा पाणीपुरवठ्याची जलवाहिनी. निवडलेल्या कामाचा त्रास गावातल्या किमान पंधरा-वीस घरांना होत असावा, कारण पुढे ग्रामसभेत बोलायची वेळ येईल तेव्हा याच घरांतली माणसे उभी राहणार असतात.

हे काम कोणत्या यंत्रणेने केले, हे सर्वांत आधी ठरवावे. गावातला रस्ता ग्रामपंचायतीचाच असतो असे नाही. तो जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा, आमदार निधीतला किंवा खासदार निधीतला असू शकतो. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर तो पुढे पाठवण्याची तरतूद कायद्यात आहे, पण त्यात दिवस जातात. कामाजवळ फलक लावलेला असेल तर त्याचा फोटो आधीच काढून ठेवावा. फलक पावसाळ्यात पडतात आणि काही वेळा पावसाळ्याची वाटही पाहत नाहीत.

कागद मिळवणे

अर्ज करण्यापूर्वी जे उघड आहे ते पाहून घ्यावे. केंद्र शासनाच्या ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर जिल्हा, तालुका आणि गाव निवडले की ग्रामपंचायतीचा वार्षिक विकास आराखडा आणि झालेले खर्च दिसतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात राज्यातील पंचायतींच्या वाट्याच्या अनुदानातील ८० टक्के रक्कम ग्रामपंचायतींकडे आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेकडे गेली, म्हणजे मोठा पैसा थेट गावाच्या खात्यावर आला. रोजगार हमीच्या कामांची हजेरीपत्रकेही संकेतस्थळावर पाहता येतात. ज्या आठवड्यात एखाद्याच्या नावावर हजेरी लागली आहे, त्या आठवड्यात तो माणूस पश्चिम महाराष्ट्रात ऊस तोडत होता, हे गावातले शेंबडे पोरही सांगू शकते.

त्यानंतर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करावा. महाराष्ट्रात अर्जाचे शुल्क १० रुपये असून ते कोर्ट फी स्टॅम्प लावून भरता येते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला दाखला जोडल्यास शुल्क लागत नाही. राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा असते. ‘काम निकृष्ट का झाले’, ‘दोषींवर कारवाई का केली नाही’ असे प्रश्न विचारू नयेत. माहिती अधिकारी मत देण्यास बांधलेला नसतो आणि अशा अर्जाला ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ असे एका ओळीचे उत्तर मिळते. नेहमी कागद मागावा, आणि तो त्याच्या नावाने मागावा. पुढील मजकूर बहुतेक बांधकामांना लागू पडतो :

“मौजे … येथील … या कामाच्या संदर्भात पुढील अभिलेखांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात : प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, सर्व देयके व प्रमाणके, साहित्य चाचणीचे अहवाल, पूर्णत्वाचा दाखला आणि कामापूर्वीची, काम चालू असतानाची व कामानंतरची छायाचित्रे. तसेच मूळ नस्तीचे निरीक्षण करण्यास वेळ द्यावी.”

शेवटचे वाक्य गाळू नये. नस्ती, म्हणजे कामाची मूळ फाइल, समोर ठेवून पाने उलटताना जे कळते ते झेरॉक्समध्ये कळत नाही : कोणत्या पानावर तारीख खोडली आहे, कोणती सही नंतर केलेली दिसते, कोणते पान नुसतेच मधे घातले आहे. या कायद्यातील अधिकाराच्या व्याख्येतच कामाची पाहणी करणे आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेणे समाविष्ट आहे, ही गोष्ट फार थोडे अर्जदार वापरतात.

उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. मुदत उलटून गेल्यावर माहिती दिली तर ती विनाशुल्क द्यावी लागते. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर ३० दिवसांच्या आत प्रथम अपील करावे. त्याचा निर्णय ३० दिवसांत आणि कारणे नोंदवून जास्तीत जास्त ४५ दिवसांत व्हायला हवा. त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील जाते. मराठवाड्यासाठी आयोगाचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. विलंबासाठी दररोज २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड माहिती अधिकाऱ्याला वैयक्तिकरीत्या होऊ शकतो. दुसऱ्या अपिलाला लागणारा वेळ मात्र माणसाचा धीर पाहणारा असतो, म्हणून प्रथम अपिलाच्या सुनावणीला स्वतः हजर राहावे आणि लेखी म्हणणे द्यावे. बरीच माहिती तिथेच पदरात पडते.

एक सावधगिरी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीचा अपवाद अधिक रुंद केला आहे. त्यामुळे ‘अमक्याला किती अनुदान मिळाले’ असा व्यक्तीवर बोट ठेवणारा अर्ज फेटाळला जाण्याची शक्यता वाढली आहे. गावाची एकत्रित यादी, एकूण क्षेत्र, एकूण रक्कम आणि मंजुरीचे आदेश मागणे अधिक शहाणपणाचे ठरते.

कागद आणि जागा यांचा मेळ

हाच या सगळ्या खटाटोपाचा गाभा आहे, आणि इथे कायद्यापेक्षा मोजपट्टी अधिक उपयोगी पडते. मोजमाप पुस्तिका, जिला सगळे ‘एमबी’ म्हणतात, ती वाचायला अभियंता असावे लागत नाही. तिच्यात लांबी, रुंदी, जाडी किंवा खोली आणि त्यांचा गुणाकार लिहिलेला असतो. समजा पुस्तिकेत रस्ता १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ०.१५ मीटर जाड दाखवला आहे. म्हणजे ४५ घनमीटर काँक्रीटचे बिल निघाले. प्रत्यक्षात कडेला उकरून पाहिल्यावर जाडी १० सेंटिमीटर भरली, तर काँक्रीट ३० घनमीटरच पडले आणि १५ घनमीटरचे, म्हणजे एक तृतीयांश बिल हवेत गेले. लांबी-रुंदीत चोरी करणे अवघड असते कारण ती सर्वांना दिसते. चोरी होते ती जाडीत, पायात, गजाच्या अंतरात आणि खालच्या मुरमाच्या थरात. म्हणून रस्ता किमान पाच ठिकाणी, दोन्ही कडांना मोजावा, प्रत्येक ठिकाणी पट्टी दिसेल असा फोटो घ्यावा आणि मोजणीच्या वेळी हजर असलेल्या चार-पाच जणांच्या सह्या एका साध्या कागदावर घ्याव्यात. हा कागद म्हणजे सरकारी पंचनामा नव्हे, पण पुढे चौकशी अधिकारी जागेवर येईल तेव्हा त्याला कुठे खणायचे हे त्यावरून सांगता येते. रस्ता स्वतः फोडू नये. सार्वजनिक मालमत्तेचे नुकसान केल्याचा गुन्हा अंगावर येईल आणि मूळ मुद्दा बाजूला पडेल.

जलसंधारणाच्या कामांत वेळेला महत्त्व आहे. नाला खोलीकरणाची खोली एका पावसाळ्यात गाळाने भरून जाते आणि नंतर ‘झाले होते, पण बुजले’ या उत्तरावर कोणाचा इलाज चालत नाही. त्यामुळे अशा कामाचे मोजमाप मृगाच्या आधीच करावे. जलयुक्त शिवार अभियानावर ९,६३३ कोटी रुपये खर्च होऊनही गावे पाण्याने स्वयंपूर्ण करण्यावर व भूजल वाढवण्यावर त्याचा अल्प परिणाम झाला, असा शेरा भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२० मधील अहवालात आहे. पण लेखापरीक्षक काम झाल्यावर काही वर्षांनी येतो, गावकरी मात्र पोकलेन चालू असतानाच बांधावर उभा असतो.

एकाच कामाचे दोनदा बिल काढण्याची पद्धत पकडण्यासाठी वेगळी युक्ती लागते. जिल्हा वार्षिक योजना, आमदार व खासदार निधी, वित्त आयोग आणि रोजगार हमी या सर्व शीर्षांखाली मागील पाच वर्षांत आपल्या गावात मंजूर झालेल्या कामांच्या याद्या वेगवेगळ्या अर्जांनी मागवाव्यात आणि शेजारी शेजारी ठेवाव्यात. आपल्याकडे कामांची नावे ‘अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या घरापर्यंत रस्ता’ अशी असतात. दुसऱ्या यादीत तोच रस्ता ‘मारुती मंदिर ते जिल्हा परिषद शाळा’ या नावाने सापडतो. गावाबाहेरच्या लेखापरीक्षकाला ही दोन टोके एकच आहेत हे कळणे कठीण असते आणि गावातल्या माणसाला ते न कळणे अशक्य असते. ई-निविदा टाळण्यासाठी एका रस्त्याचे तीन तुकडे पाडले असतील तर तेही याच याद्यांत दिसते.

अनुदानाच्या याद्यांचे वाचनही असेच करावे. जालना जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतील अतिवृष्टी अनुदान वाटपातला गैरप्रकार चौकशीत उघड झाला आणि २०२५ मध्ये महसूल कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. एक रुपयात पीक विमा योजनेत शासकीय जमिनींवरसुद्धा विमा उतरवल्याच्या तक्रारी बीड जिल्ह्यातून पुढे आल्या, आणि २०२३ मध्ये सुरू झालेली ती योजना २०२५ मध्ये गुंडाळली गेली. दोन्ही ठिकाणी गावाचे एकूण लागवडीखालील क्षेत्र आणि अनुदानाचे किंवा विम्याचे एकूण क्षेत्र यांची तुलना ही पहिली पायरी ठरते. गावात जेवढी जमीन आहे तिच्यापेक्षा जास्त जमिनीचे नुकसान होऊ शकत नाही.

ग्रामसभा

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, आणि सबळ कारणाशिवाय त्या न घेणाऱ्या सरपंचाचे पद जाऊ शकते. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी लागते. पण अनेक गावांत ग्रामसभा कागदावरच होते आणि नोंदवही घरोघरी फिरवून सह्या गोळा केल्या जातात. अशी सही करू नये आणि शेजाऱ्यालाही करू देऊ नये. ती सही म्हणजे न पाहिलेल्या खर्चाला दिलेली संमती असते.

सभेच्या आठवडाभर आधी आपला विषय लेखी द्यावा व पोच घ्यावी. सभेत भाषण करू नये. मोजमाप पुस्तिकेतले आकडे मोठ्याने वाचावेत आणि त्यापुढे जागेवरचे आकडे वाचावेत. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना गावी पहिली जनसुनावणी घेतली तेव्हा हेच केले होते : हजेरीपत्रके गावासमोर वाचली, आणि ज्यांच्या नावावर पैसे उचलले गेले होते त्या माणसांनीच उठून आपण कामावर नव्हतो असे सांगितले. मोठ्या ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. पाण्याच्या योजनेचा विषय असेल तर तो तिथूनच यावा, कारण नळाला पाणी किती दिवसांनी येते याचा हिशेब घागर भरणारीकडेच पक्का असतो. ठराव इतिवृत्तात लिहिला गेला की नाही हे त्याच दिवशी पाहून घ्यावे आणि इतिवृत्ताची प्रत मागावी.

तक्रार कोठे करावी

ग्रामपंचायतीच्या कामाची पहिली तक्रार गटविकास अधिकाऱ्याकडे आणि प्रत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे द्यावी. सरपंच किंवा सदस्याने कर्तव्यात कसूर अथवा गैरवर्तन केले असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यामार्फत चौकशी होऊन विभागीय आयुक्त त्यास पदावरून दूर करू शकतात. सदस्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत पंचायतीच्या कंत्राटात हितसंबंध असल्यास त्याच अधिनियमाच्या कलम १४ खाली अपात्रतेचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येतो. जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणारा लोकशाही दिन थकलेल्या तक्रारींसाठी वापरावा.

थेट जनतेतून निवडलेल्या सरपंचाबाबत मतदारांच्या हाती आणखी एक अधिकार आहे. सदस्यांनी तीन चतुर्थांश बहुमताने मंजूर केलेला अविश्वास ठराव विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने संमत झाला तरच सरपंच जातो. निवडीनंतर पहिली दोन वर्षे असा ठराव आणता येत नाही. आमदार-खासदारांना मधेच परत बोलावण्याचा अधिकार आपल्याकडे नाही, गावात मात्र त्याच्या जवळपासचे काहीतरी आहे.

कोणी थेट लाच मागत असेल तर वाद न घालता मुदत मागावी आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ या क्रमांकावर कळवावे. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड अशी या विभागाची दोन परिक्षेत्रे आहेत. विभाग आधी मागणीची पडताळणी करतो, मग पंचांसमक्ष सापळा लावतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. भाग पाडल्यामुळे लाच दिली असेल तर सात दिवसांच्या आत कळवणाऱ्यालाच संरक्षण मिळते. दाखला, फेरफार किंवा उतारा अडवून ठेवला असेल तर सापळ्यापर्यंत जाण्याऐवजी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अपील करणे सोपे. त्यात अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

एकट्याने जाऊ नये

९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि पवनचक्की कंपनीकडील खंडणीच्या प्रकरणाशी तिचा संबंध तपासात पुढे आला. यानंतर मराठवाड्यात कोणालाही ‘निर्भयपणे लढा’ असे सहज सांगणे बेजबाबदारपणाचे ठरेल. अर्ज तीन-चार वेगवेगळ्या नावांनी, शक्यतो वेगवेगळ्या भावकीतून आणि वस्तीतून द्यावेत, म्हणजे दबाव एका घरावर येत नाही आणि प्रकरणाला जातीचे वळण देणेही अवघड होते. कागदांचा एक संच गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे ठेवावा. धमकी आली तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी द्यावे व पोच घ्यावी. आणि तडजोडीचा एक रुपयाही घेऊ नये. माहिती अधिकाराचा धंदा करणाऱ्यांनी खऱ्या अर्जदारांची वाट जेवढी बिकट केली, तेवढी एखाद्या मंत्र्यानेही केली नसेल.

निवडणुकीच्या तोंडावर

लोकसभा व विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला नमुना २६ मधील शपथपत्रात मालमत्ता, कर्जे आणि गुन्हे जाहीर करावे लागतात व ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर दिसते. एकट्या शपथपत्राने फारसे कळत नाही. त्याच उमेदवाराचे पाच वर्षांपूर्वीचे शपथपत्र शेजारी ठेवावे आणि जमीन, भागीदारी संस्था व कुटुंबीयांच्या नावावरील मालमत्ता यांतली वाढ पाहावी. कुटुंबातल्या कोणाची बांधकाम कंपनी असेल तर तिचे नाव आपल्या नस्तीतल्या कंत्राटदाराशी ताडून पाहावे. विधानसभेसाठी ४० लाख आणि लोकसभेसाठी ९५ लाख रुपये खर्चमर्यादा आहे. आचारसंहितेच्या काळात सी-व्हिजिल ॲपवरून छायाचित्रासह तक्रार करता येते व तिच्यावर १०० मिनिटांत कार्यवाही अपेक्षित असते. स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथे तक्रार निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे करावी. पदाचा लिलाव करून ‘बिनविरोध’ निवड घडवण्याची प्रथाही लाचच आहे. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या दोन गावांच्या निवडणुका आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये याच कारणाने रद्द केल्या.

बीड, जालना, धाराशिव भागातील ऊसतोड कुटुंबांचा प्रश्न वेगळा आहे. २० नोव्हेंबर २०२४ चे विधानसभेचे मतदान हंगामाच्या तोंडावरच आले होते. मुकादमाकडून उचल घेऊन फडात गेलेल्या माणसाला मतासाठी गावी यायचे तर गाडीभाडे कोण देणार, हा खरा पेच असतो, आणि उमेदवाराने पाठवलेल्या गाडीत बसून आलेल्या माणसाकडून हिशेबाची अपेक्षा करणे कठीण असते. उमेदवाराने मतदारांची फुकट वाहतूक करणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचार आहे. गावाने वर्गणी काढून स्वतःची गाडी करणे हा त्यावरचा मला माहीत असलेला एकमेव व्यवहार्य उपाय आहे, आणि वर्गणी तिथे जड जात नाही, कारण ग्रामपंचायतीच्या प्रभागात निकाल दहा-वीस मतांनी फिरतो.

पाकीट घेऊन मत मात्र आपल्याला हवे तिथे देण्याचा सल्ला अनेक शहाणी माणसे देतात. तो मला पटत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० नुसार मतासाठी लाच घेणाराही दोषी असतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ग्रामसभेत मोजमाप पुस्तिका वाचायला उभ्या राहिलेल्या माणसाला ‘तू किती घेतले होतेस’ एवढ्या एकाच प्रश्नाने खाली बसवता येते.

निकालानंतरचे पहिले काम

नवे पदाधिकारी आले की जुन्याकडून नव्याकडे दप्तर हस्तांतरित होते, आणि नस्त्या ‘आढळून येत नाहीत’ असे होण्याचा हाच हंगाम असतो. निकालानंतर पहिल्या पंधरवड्यातच हस्तांतर यादीची प्रत माहिती अधिकारात मागावी, आणि तिच्यात आपण निवडलेल्या कामाची मोजमाप पुस्तिका व प्रमाणके आहेत का ते पाहावे. नसतील तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ चा उल्लेख करून जबाबदारी निश्चित करण्याची मागणी गटविकास अधिकाऱ्याकडे लेखी करावी; अभिलेख बेकायदा नष्ट करणे किंवा हलवणे यासाठी त्या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, आणि असे पत्र दाखल झाल्यावर हरवलेली पुस्तिका एखाद्या कपाटामागे सापडल्याची उदाहरणे कमी नाहीत. आपल्याकडील साक्षांकित प्रती नव्या सरपंचांच्या पहिल्याच ग्रामसभेत पोच घेऊन सादर कराव्यात आणि जुन्या कामातील वसुलीची रक्कम आकड्यासह त्या सभेच्या विषयपत्रिकेवर आणावी.